घराचे कार्बन उत्सर्जन सर्वांनी मिळून कमी करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमचे सांगलीत स्वतःचे दुमजली घर आहे. सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि नववीतला मुलगा असे पाच जण येथे राहतो. मुलगी शिक्षणासाठी पुण्यात असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत आमच्या तळमजल्यात पाणी शिरले होते, आणि तेव्हापासून हवामानबदल हा आमच्या घरात केवळ वर्तमानपत्रात वाचण्याचा विषय राहिलेला नाही. कोणत्या एका पुरात तापमानवाढीचा वाटा किती होता हे शास्त्रज्ञांनीच सांगावे. पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते आणि त्यामुळे थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाचा जोर वाढतो, हे मुलीने आजोबांना समजावून सांगितले. आपल्या घरातून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे आधी मोजावे, असे त्यावर आजोबांनीच सुचवले.

वर्षभराची बिले काढून मुलांनी हिशोब केला. विजेचे सुमारे 3,000 युनिट झाले. आपल्याकडची वीज प्रामुख्याने कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे साधारण 0.7 किलो धरले, म्हणजे 2.1 टन. स्वयंपाकाच्या गॅसची अकरा सिलिंडरे लागतात, 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे 42 किलो याप्रमाणे साडेचारशे किलोंच्या थोडे वर. यजमान कामासाठी रोज जयसिंगपूरला एकटेच मोटारीने जातात, शिवाय पुण्याच्या फेऱ्या असतात, लिटरमागे 2.3 किलो धरून वर्षाच्या 700 लिटर पेट्रोलचे 1.6 टन झाले. दोन दुचाकींचे 0.4 टन. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघे पुण्याहून विमानाने दिल्लीला जाऊन आलो, त्याचे माणशी सव्वादोन क्विंटल, म्हणजे एकूण 0.9 टन. सगळे मिळून साडेपाच टनांच्या आसपास होतात. अन्न, कपडे, घरातील वस्तू आणि घराचे बांधकाम यांचा हिशोब यात धरलेला नाही.

यापुढे मात्र आम्ही अडलो आहोत. छतावर सौर पॅनेल बसवावेत असे यजमानांचे मत आहे, परंतु गच्चीवर उन्हाळ्यात सासूबाईंचे पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या वाळतात, आणि ती जागा जाणे त्यांना मान्य नाही. गॅस बंद करून इंडक्शनची शेगडी घ्यावी असे मुलगी म्हणते. मुलगा तर गीझर चालू दिसला की आजीला टोकतो. त्यांना गुडघेदुखीमुळे कडक पाणी लागते आणि त्याच्या बोलण्याने त्या दुखावल्या आहेत. सासऱ्यांचे म्हणणे असे, की आम्ही जन्मभर जपूनच वापरले, मोटार आणि एसी तुमच्या पिढीने आणला, तेव्हा कपातीची सुरुवातही तुम्हीच करावी. मला यात तथ्य वाटते, पण त्यामुळे घरात 'तुमचे' आणि 'आमचे' असे दोन पक्ष पडू लागले आहेत, ते मला नको आहे.

आधी काय करावे, गच्चीचा प्रश्न कसा सोडवावा, आणि पाच-सहा जणांचे घर या कामात एकत्र कसे ठेवावे, याविषयी जाणकारांनी आणि ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त वीज अभियंता (सातारा)

ताई, नमस्कार. मुलांनी हिशोब चोख केला आहे. बहुतेक घरे प्लास्टिकच्या पिशवीपासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. तुमच्या आकड्यांत वीज आणि मोटार मिळून दोन तृतीयांश होतात, तेव्हा बहुतेक श्रम त्या दोन ठिकाणीच खर्च करावेत.

विजेच्या बाबतीत माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी मागणी कमी करावी आणि मगच पॅनेलचा आकार ठरवावा. पाच माणसांच्या आंघोळीचे पाणी विजेवर तापवले, तर एका बादलीला साधारण अर्धा युनिट लागतो. उन्हाळ्याचे दोन महिने वगळले तरी वर्षाला साडेसातशेच्या आसपास युनिट, म्हणजे तुमच्या बिलाचा चौथा हिस्सा, केवळ पाणी तापवण्यात जातो. त्यासाठी सोलर बंब बसवावा. सासूबाईंना हवे तितके कडक पाणी त्यातून मिळेल आणि नातवाला टोकण्याचे कारणच उरणार नाही. ढगाळ दिवसांसाठी गीझर राहू द्यावा. दुसरी गोष्ट पंख्यांची. जुना छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास वीज घेतो, तर नवा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटारीचा) पंखा 30 ते 35 वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. जो पंखा दिवसाचे बारा तास फिरतो तो आधी बदलावा. त्या एका पंख्यामागे वर्षाला दीडशे युनिट, म्हणजे शंभर किलो वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलण्याची घाई करू नये. दूरदर्शन संचाचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस दहा-बारा वॉट घेत राहतो, त्याचे वर्षाला नव्वद-शंभर युनिट होतात. तो भिंतीवरच्या बटनापाशी बंद करण्याची सवय लावावी.

एवढे केल्यावर तुमची गरज 2,000 युनिटांच्या जवळ येईल. आपल्या भागात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतात, म्हणजे वर्षाला 1,400 च्या आसपास. तेव्हा दोन किलोवॉट पुरेसे आहेत. 'पीएम सूर्य घर' योजनेत दोन किलोवॉटला 60,000 रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला 78,000 रुपये केंद्राचे अनुदान मिळते, त्यामुळे विक्रेता तुम्हाला तीनचा आग्रह करील. खिशाला परवडत असेल तर तीन घेण्यात तोटा काहीच नाही, कारण जास्तीची वीज नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, सार्वजनिक वीजजाळ्यात जाते आणि शेजारच्या घरात वापरली जाते; तेवढा कोळसा जळत नाही. मात्र अनुदान जास्त मिळते म्हणून कर्ज काढू नये.

गच्चीविषयी. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. पॅनेल जमिनीलगत न बसवता सात-आठ फूट उंचीच्या सांगाड्यावर बसवून घेतले, तर खालून माणूस सहज वावरू शकतो आणि उरलेली गच्ची पूर्ण उन्हात राहते. सांगाडा गच्चीच्या उत्तरेकडील बाजूला घ्यावा, म्हणजे त्याची सावली वाळवणाच्या जागेवर पडणार नाही. याउलट पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली पॅनेलच्या दक्षिणेला असेल तर हिवाळ्यात तिची लांब सावली पॅनेलवर पडते. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेले असल्यामुळे एकावर सावली पडली तरी उरलेल्यांचे उत्पादनही घटू शकते. कंत्राटदार बहुधा दुपारी पाहणीला येतो, त्या वेळी ही सावली दिसत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता सावली कुठवर पोचते हे सासूबाईंनाच विचारावे. वाळवण घालणाऱ्या माणसाला गच्चीवरचे ऊन जितके ठाऊक असते, तितके कोणत्याही सर्वेक्षकाला नसते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे 17 अंशांचा ठेवावा, तोच सांगलीचा अक्षांश आहे.

तुमच्या घरासाठी एक सूचना फार महत्त्वाची वाटते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आणि त्याची वितरण पेटी तळमजल्यावर बसवू देऊ नका. 2019 चे पाणी भिंतीवर जिथवर चढले होते त्याच्या बरेच वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर, ती बसवून घ्या. तार थोडी अधिक लागेल, पण पुराच्या पाण्यात इन्व्हर्टर बुडाला तर यंत्र जाईल आणि विजेचा धोकाही निर्माण होईल.

आता इंडक्शन. मुलीचा हेतू चांगला आहे, परंतु आजच्या घडीला आकडे तिच्या बाजूने नाहीत. भांड्याला एका युनिटएवढी उष्णता द्यायची तर इंडक्शनला सव्वा युनिटच्या आत वीज लागते आणि तिच्यामागे 0.8 किलो कार्बन डायऑक्साइड येतो. तेवढीच उष्णता गॅसच्या शेगडीने, तिची निम्म्याजवळची उष्णता वाया जाते असे धरूनही, 0.4 किलोच्या आसपास पडते. छतावर पॅनेल बसल्यावरही हे लगेच उलटत नाही, कारण तुम्ही इंडक्शनवर वापरलेले युनिट जाळ्यात गेले असते तर तेथे कोळशाचेच युनिट वाचले असते. जाळ्यात सौर आणि पवन विजेचा वाटा जसा वाढेल तसे हे चित्र बदलेल. तोवर गॅस नीट वापरणे हेच बरे. स्वयंपाकघरातील धूर आणि उष्णता कमी व्हावी म्हणून इंडक्शन घ्यायचा असेल तर अवश्य घ्यावा, ते कारण स्वतंत्र आहे आणि योग्यही आहे.

उत्तर : दुसरी पाळी (डोंबिवली)

वरच्या उत्तरात यंत्रांची बाजू पूर्ण आली आहे, म्हणून मी माणसांविषयी लिहिते. आम्ही सहा जण दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या सदनिकेत राहतो. आमच्या नावावर गच्ची नाही, मोटार नाही, आणि घरातले तिघे लोकलने कामाला जातात, त्यामुळे आमचा आकडा मुळातच लहान आहे. तरीही घरात याच विषयावरून कुरबुरी झाल्या, आणि त्यांचे मूळ मला असे दिसले, की 'पर्यावरणपूरक घर' म्हणून जी कामे सांगितली जातात ती जवळजवळ सगळी घरातल्या बाईच्या वाट्याला येतात. ओला-सुका कचरा वेगळा करणे, खताच्या कुंडीत रोज भुसा टाकणे, कापडी पिशव्या धुणे, उरलेल्या अन्नाचे काहीतरी करणे, बाजारातून सुटे सामान आणणे, ही कामे कार्बनच्या हिशोबात लहान आहेत आणि वेळेच्या हिशोबात मोठी आहेत. मोटार कमी वापरणे किंवा विमानाचा प्रवास टाळणे ही मोठी कामे आहेत, पण ती बहुधा पुरुषांच्या सोयीला हात लावतात आणि म्हणून चर्चेत मागे पडतात. ताई, तुमच्या घरात पहिला वाद गीझरवरून झाला, मोटारीवरून नाही, हे मला याच कारणाने लक्षणीय वाटले.

आम्ही एक नियम केला आहे. जो ज्या गोष्टीचा वापर सर्वांत अधिक करतो, त्या गोष्टीची कपात त्यानेच सुचवायची आणि त्यानेच पार पाडायची. दुसऱ्याच्या वापरावर बोट ठेवायचे नाही. वयस्कर माणसांचे औषधपाणी, गरम पाणी आणि झोप या गोष्टी चर्चेत घ्यायच्याच नाहीत. महिन्याचे वीजबिल आले की ते जेवणाच्या वेळी वाचले जाते. बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो, त्यामुळे तुलना करायला वेगळी वही लागत नाही. मीटरचा आकडा पाहण्याचे काम आमच्या सासऱ्यांनी आपणहून घेतले. त्यांनीच एका आठवड्यात शोधून काढले, की जुन्या फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाल्याने त्याचा कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नव्हता. रबर बदलले आणि पुढच्या बिलात फरक दिसला. तुमचे सासरे 'सुरुवात तुम्ही करा' म्हणतात, त्यांना हे काम आनंदाने द्यावे; ज्यांनी जन्मभर काटकसर केली त्यांना वाया जाणारी गोष्ट आपल्या आधी दिसते.

नववीतल्या मुलाला आजीवर लक्ष ठेवण्याऐवजी स्वतःचा आकडा द्यावा. शाळेला आणि शिकवणीला तो कसा जातो, कोणी त्याला दुचाकीवरून सोडते का, त्याच्या खोलीतला एसी किती वेळ चालतो, हे त्याने लिहावे. या वयातल्या मुलांना अन्याय पटकन दिसतो, आणि स्वतःच्या वापराचा आकडा समोर असला की त्यांचा सूर आपोआप बदलतो.

स्वयंपाकाविषयी थोडे. कडधान्ये रात्री भिजत घालणे, कुकरला पहिली शिटी आली की आच मंद करणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, हे आपल्या सासूबाई आपल्यापेक्षा चांगले जाणतात. त्यातून वर्षाला एखादे सिलिंडर वाचते, तेवढी अपेक्षा ठेवावी. ओला कचरा मात्र कचरा डेपोत जाऊ न देणे खरोखर उपयोगाचे आहे. ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ करतो. तुम्हाला अंगण असेल तर खताच्या खड्ड्यापेक्षाही छोटे बायोगॅस संयंत्र पाहावे. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील 'आरती' संस्थेने शेणाऐवजी खरकटे आणि पिठूळ कचरा यांवर चालणारे घरगुती संयंत्र विकसित केले आणि त्याला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उरलेला भात, शिळी पोळी, आंब्याच्या कोयी यांतून मिळणारा वायू सकाळच्या चहापाण्याला उपयोगी पडतो. पण त्यात रोज कचरा घालण्याचे काम कोणाचे, हे ठरल्याशिवाय ते विकत घेऊ नये.

आणखी एक बाब घरात आधीच बोलून घ्यावी. विजेचे बिल निम्मे झाले की हाती पैसे उरतात, आणि त्या पैशांतून विमानाची एक सहल ठरली तर वर्षभर वाचवलेले बरेचसे उत्सर्जन एका आठवड्यात परत होते. आम्ही वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो आणि जुनी उपकरणे मोडली की त्यांच्या जागी चांगल्या प्रतीची घेण्यासाठीच ती वापरतो.

उत्तर : थंड हवा (नागपूर)

मी अनेक वर्षे एसी आणि फ्रिजची दुरुस्ती करतो. आपल्या हिशोबात एसीची वीज आली आहे, परंतु त्यातला वायू आलेला नाही, आणि तो सुटणे ही लहान गोष्ट नव्हे. जुन्या यंत्रांतला आर-22 हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट तापमानवाढ करतो, आर-410ए सुमारे 2,100 पट, आणि सध्याच्या बहुतेक नव्या यंत्रांतला आर-32 हा 675 पट. दीड टन क्षमतेच्या घरगुती एसीत साधारण एक किलो वायू असतो. म्हणजे आर-410एचे एक यंत्र पूर्ण गळले, तर आपल्या घराच्या वर्षभराच्या विजेइतके उत्सर्जन भिंतीआडून निघून जाते आणि ते कोणत्याही बिलात दिसत नाही.

म्हणून दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झाला आहे, भरून देतो' असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये. एसीतला वायू पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. बाहेरच्या युनिटला तांब्याच्या नळ्या जेथे नटाने जोडलेल्या असतात, तेथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर बहुधा गळती तेथेच सापडते. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. नळीचे तोंड नव्याने फुलवून, नट बसवून, नायट्रोजनच्या दाबाने तपासून, निर्वात पंप लावूनच वायू भरायला सांगावे. यंत्र एका खोलीतून दुसरीकडे हलवताना जोडणी सोडण्याआधी सगळा वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करता येतो. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि घाईतला माणूस तेवढा वेळ न देता नट सैल करून वायू हवेत सोडतो. समोर उभे राहून हे काम करून घ्यावे.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते, तेव्हा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बराच काळ पुरेसा पडतो. तो दीडशे-दोनशे वॉटवर चालतो, एसीला त्याच्या कित्येक पट वीज लागते. एसी लावलाच तर 24 अंशांवर ठेवून पंखा सोबत चालवावा.

उत्तर : नेकारकाठ (श्टुटगार्ट)

मी मूळची मिरजेची, आता जर्मनीत असते. विमानप्रवासाविषयी लिहावेसे वाटले, कारण आमच्या घरात तोच सर्वांत अवघड भाग आहे. फ्रँकफर्ट ते मुंबई जाऊन-येऊन माणशी एक टनाहून अधिक उत्सर्जन होते. भारतात एका माणसाचे वर्षाचे सरासरी उत्सर्जन, कारखाने आणि वीजकेंद्रे धरूनही, दोन टनांच्या आसपास आहे. आई-वडील मिरजेला असताना 'येऊ नका' असे कोणी म्हणू शकत नाही आणि आम्हीही तसे ठरवलेले नाही. आम्ही दरवर्षीच्या दोन आठवड्यांच्या धावत्या भेटीऐवजी एक वर्षाआड जातो आणि सलग दोन महिने राहतो. यजमान त्यातला काही काळ तिथूनच काम करतात. आईला हे आधी रुचले नव्हते. आता तिला ते अधिक आवडते, कारण पूर्वी निम्मा वेळ नातेवाइकांकडच्या जेवणावळींत जायचा आणि तिच्या वाट्याला आम्ही फारसे येतच नव्हतो. येथल्या येथे युरोपात आम्ही रेल्वेनेच फिरतो.

तुमच्या दिल्लीच्या सहलीविषयी एवढेच सांगेन, की सहल रद्द करण्यापेक्षा ती रेल्वेने होईल अशा गावी आखावी. मुलांच्या मनात पर्यावरण म्हणजे सुट्टी गमावणे असे समीकरण बसू देऊ नये.

प्रश्नकर्ती : कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांची उत्तरे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, दुसरी पाळी यांचे उत्तर दोनदा. गीझरवरून वाद झाला आणि मोटारीवरून नाही, हे वाक्य ऐकून यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर मोटारीचा भाग आपण घेतो असे म्हणाले.

ठरले आहे ते असे. सोलर बंब दिवाळीच्या आत बसेल. पॅनेलसाठी सासूबाईंनी गच्चीवर खडूने रेघ आखून दिली आहे. रेघेच्या अलीकडे वाळवण आणि पलीकडे सांगाडा. टाकी पश्चिमेच्या कोपऱ्यात सरकवली तर सावलीचा प्रश्न राहणार नाही, हेही त्यांनीच दाखवले. इन्व्हर्टर पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी, पुराच्या खुणेच्या पाच फूट वर येईल. सासरे रोज सकाळी मीटर पाहून दिनदर्शिकेवर आकडा लिहू लागले आहेत. मुलगा शिकवणीला सायकलने जातो आणि एसीच्या बाहेरच्या नळीवर त्याने साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडे आले, तेव्हा दुरुस्ती सांगितली आहे. बायोगॅसचा निर्णय मी मागे ठेवला आहे. रोज कचरा घालण्याचे काम यजमान आणि मुलगा आळीपाळीने करतील अशी खात्री पटली, की त्याकडे वळू.

आता प्रश्न मोटारीचा. ती आठ वर्षांची आहे आणि सुस्थितीत आहे. ती विकून विद्युत मोटार घ्यावी असे यजमानांच्या मनात आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : निवृत्त वीज अभियंता (सातारा)

ताई, सासूबाईंच्या खडूच्या रेघेला माझा नमस्कार सांगावा.

पेट्रोलची मोटार लिटरला 15 किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरमागे सुमारे 150 ग्रॅम होतात. त्याच आकाराच्या विद्युत मोटारीला चार्जिंगमधील घट धरून 0.17 युनिटच्या आसपास लागते, म्हणजे आजच्या जाळ्याच्या विजेवर 120 ग्रॅम. फरक आहे, पण पाचव्या हिश्शाचाच. त्यातच नवी मोटार आणि तिची बॅटरी बनवताना झालेले उत्सर्जन भरून निघायला काही वर्षे जातात. जुनी मोटार थकल्यावर पुढची विद्युत घ्यावी. चालती मोटार केवळ यासाठी काढू नये. दुचाकीचे गणित वेगळे आहे. पेट्रोलच्या दुचाकीचे किलोमीटरमागे 45 ग्रॅमच्या आसपास होतात, विद्युत दुचाकीचे त्याच्या निम्मे. तेव्हा आपल्या दोन दुचाकींपैकी जी आधी बदलायला येईल तिच्या जागी विद्युत घ्यावी. पैसे मोटारीपेक्षा तेथे घालणे मला अधिक योग्य वाटते.

मोटारीत लगेच करता येण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. सांगलीहून जयसिंगपूरला त्याच वेळेला कामावर जाणारे आणखी दोघे यजमानांना नक्की मिळतील. तिघे एका पेट्रोलच्या मोटारीतून गेले, तर माणशी 50 ग्रॅम पडतात, म्हणजे विद्युत मोटारीतून एकट्याने जाण्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. तिघांपैकी एकाला उशीर झाला तर त्याने एसटीने यावे, एवढे आधी बोलून घ्यावे. आमच्या कार्यालयात ही व्यवस्था याच एका मुद्द्यावरून वारंवार मोडत असे.